७२ डीपीआयचा खुलासा

‘वेबसाठी फोटो ७२ डीपीआयचाच हवा, ३००चा टाकला की साइट जड होते.’ हे वाक्य नवशिक्यांना आजही सर्रास शिकवलं जातं. ते चुकीचं आहे.

डीपीआय हा फाइलमध्ये नोंदवलेला एक आकडा आहे, छापताना एका इंचात किती पिक्सेल बसवायचे हे सांगणारा. ब्राउझर साधारणपणे तो विचारातही घेत नाही. १२०० बाय ८०० पिक्सेलचा फोटो घ्या, नुसता हा आकडा ३००वरून ७२ करा: पिक्सेल तेवढेच, वजन तेवढंच, पानावरचा आकारही तोच. फरक पडतो तो कागदावर. ३००ला छपाई ४ इंच रुंद येते, ७२ला साडेसोळा इंचांहून मोठी.

मग ‘७२ केल्यावर फाइल हलकी झाली’ हा अनुभव खोटा का? नाही. फोटोशॉपमध्ये ‘रीसॅम्पल’ची (पिक्सेलची संख्याच बदलणारी) खूण चालू असेल, तर ३००चे ७२ करताना १२०० पिक्सेलची रुंदी २८८वर येते. फाइल हलकी होते ती पिक्सेल गेल्यामुळे, आणि श्रेय मात्र ७२ला मिळतं. फोटो धूसर दिसतो तोही याचमुळे, आणि गेलेले तपशील परत आणता येत नाहीत. म्हणून मूळ फाइल जपाच.

७२ हा आकडा आला ॲपलच्या १९८४च्या मॅकिंटॉश संगणकामुळे. त्याच्या पडद्यावर इंचाला ७२ पिक्सेल होते. आजचे पडदे कितीतरी दाट आहेत. पानावर फोटोची जागा ६०० सीएसएस पिक्सेल (पानाच्या मांडणीतलं एकक, पडद्यावरचे खरे पिक्सेल नव्हेत) रुंद असेल, तर दुप्पट घनतेच्या पडद्यासाठी १२०० पिक्सेलची फाइल द्या, साध्या पडद्यासाठी ६००ची, आणि निवड ‘एसआरसीसेट’ (एकाच फोटोच्या वेगवेगळ्या आकारांच्या फाइलींची यादी देणारा एचटीएमएलचा गुणधर्म) वापरून ब्राउझरवर सोपवा.