रेडी प्लेयर वन: पुस्तकवाले, पिक्चरवाले आणि मधली दहा वर्षं

रेडी प्लेयर वन ही अर्नेस्ट क्लाइनची कादंबरी, आणि तिच्यावरून त्याच नावाचा पिक्चर. ओअॅसिस नावाचं व्हीआरचं, म्हणजे डोक्यावर हेडसेट चढवून शिरायचं कॉम्प्युटरमधलं जग बनवणारा हॅलिडे मरताना त्यात तीन किल्ल्या लपवून जातो, त्याच्या आवडीचे जुने गेम आणि पिक्चर ओळखून त्या जो शोधेल तो ओअॅसिसचा मालक. तो आवडतो असं म्हटलं की समोरचा लगेच विचारतो, पुस्तक का पिक्चर? उत्तर काहीही द्या, वाद ठरलेला. पुस्तकवाल्यांच्या मते पिक्चरने वाट लावली, पिक्चरवाल्यांच्या मते बदललं तेच बरं झालं, आणि तिसरा गट म्हणतो की दोन्ही म्हणजे जुन्या गेम आणि पिक्चरांची नावं मोजून दाखवण्याचा प्रकार आहे. हे तीन गट एकदम तयार झाले नाहीत. कोण कधी का चिडलं हे बघायचं तर साल बघावं लागतं.

व्हीआरचा लांबचा इतिहास इथे फारसा कामाचा नाही. डोक्यावर चढवायचं यंत्र १९६८ मध्येच अमेरिकेत बनलं होतं, अशा जगासाठी मेटाव्हर्स हा शब्द १९९२ च्या एका कादंबरीने दिला, १९९५ मध्ये एका जपानी कंपनीने लाल-काळी चित्रं दाखवणारं मशीन आणलं आणि वर्षभरात गुंडाळलं. लक्षात ठेवायचं ते एवढंच की २०११ मध्ये पुस्तक आलं तेव्हा व्हीआर हा पडलेला विषय होता, कोणी घरात हेडसेट घेऊन बसलेलं नव्हतं. म्हणजे पुस्तकात अटारी (टीव्हीला जोडायचा गेम) आणि आर्केड (नाणं टाकून खेळायचे गेम) जितके जुने, तितकंच व्हीआरचं स्वप्नही जुनंच होतं. आज वाचताना ते भविष्यावरचं पुस्तक वाटतं, पण त्या वेळी व्हीआर हासुद्धा नॉस्टॅल्जियाचाच भाग होता.

सुरुवातीला पुस्तकाचं कौतुकच झालं. छापून यायच्या आधी, २०१० मध्येच, पिक्चरचे हक्क विकले गेले होते. लेखकाची पहिली कादंबरी, त्याआधी त्याच्या नावावर स्टार वॉर्सच्या फॅनवर बेतलेल्या एका कॉमेडीची पटकथा होती. ऑडिओबुक ज्या नटाने वाचलं त्याचा उल्लेख खुद्द पुस्तकातच आहे, आणि पुस्तकात लपवलेला क्लू शोधणाऱ्याला लेखकाने डिलोरिअन, म्हणजे बॅक टु द फ्यूचर पिक्चरमधली गाडी, बक्षीस ठेवली होती, ती २०१२ मध्ये एकाने जिंकलीसुद्धा. भाषा यादीसारखी आहे, ही तक्रार तेव्हाही होती पण कुजबुजीपुरती. गेम खेळून वेळ फुकट घालवला असं आयुष्यभर ऐकलेल्या पोरांना पहिल्यांदा कोणी सांगत होतं की तुमची ही माहिती एक दिवस कामाला येणार, त्यामुळे ते खूश झाले त्यात नवल नाही.

मग आलं २०१४. मार्चमध्ये फेसबुक या बड्या सोशल मीडिया कंपनीने ऑक्युलस ही हेडसेट कंपनी २ अब्ज डॉलरला विकत घ्यायचं ठरवलं. या हेडसेट कंपनीत नव्याने लागलेल्या लोकांना हेच पुस्तक हातात दिलं जायचं, म्हणजे ज्या पुस्तकात एक मोठी कंपनी व्हीआरच्या जगावर कब्जा करून जाहिराती घुसवायला बघते ते पुस्तक ऑफिसात प्रेरणा म्हणून वाटत होते, यावर वेगळं काय बोलणार. आणि त्याच वर्षी ऑगस्टपासून गेमिंगमधल्या बायकांना धमक्या देण्याची, त्यांचे पत्ते नेटवर टाकण्याची ती मोहीम सुरू झाली, गेमरगेट. तिथे सारखं एकच ऐकू यायचं, खरा गेमर कोण, कोणाला काय माहितीय, तू कोण आम्हाला शिकवणारी. त्यानंतर हे पुस्तक उघडलं की सुरुवातीच्या काही प्रकरणांतच हीरो समोरच्याची परीक्षा घेत बसलेला दिसतो, सगळी ट्रिव्हिया त्याला पाठ, आणि बक्षीस म्हणून पैसा, सत्ता आणि मुलगी. पुस्तकातला एक शब्दही बदलला नव्हता, पण वाचणारा बदलला होता. २०१५ मध्ये लेखकाची दुसरी कादंबरी आली, तिच्यातही तोच मसाला, आणि बऱ्याच जणांनी ती वाचून पहिलीला मागे जाऊन शिव्या घातल्या.

त्याच २०१५ मध्ये पिक्चरचा दिग्दर्शक ठरला, स्टीव्हन स्पीलबर्ग. गंमत अशी की पुस्तकातल्या नॉस्टॅल्जियाचा मोठा हिस्सा याच माणसाच्या पिक्चरांचा. त्याने स्वतःचे उल्लेख मुद्दाम कमी केले, डिलोरिअन आणि ज्युरासिक पार्कचा टी-रेक्स राहिले. २०१७ च्या जुलैतला ट्रेलर आणि २०१८ ची पोस्टर यांची टिंगल झाली, एका पोस्टरवर हीरोचा पाय इतका लांब दिसत होता की लोक आठवडाभर तेवढ्यावरच हसत होते. म्हणजे मार्च २०१८ मध्ये पिक्चर लागला तेव्हा निम्मी मतं आधीच तयार होती.

आता मुख्य भांडण. पिक्चरमध्ये किल्ल्या मिळवायची आव्हानं जवळपास सगळी बदलली. पुस्तकात पहिली किल्ली डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून खेळायच्या गेमच्या एका जुन्या मोहिमेतून मिळते, त्या भुयाराच्या राजाशी जाउस्ट नावाचा आर्केड गेम खेळून, आणि पुढे वॉरगेम्स पिक्चरचे हीरोचे सगळे संवाद जसेच्या तसे म्हणायचे. अपेक्षित प्रश्नसंच घोकून बोर्डात नंबर काढण्यातलाच हा प्रकार. पिक्चरमध्ये त्या जागी न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरची रेस, किंगकाँग वगैरे, आणि युक्ती काय तर गाडी उलटी पळवायची. यावर पुस्तकवाल्यांचा जो मुद्दा आहे तो मला पूर्ण मान्य, लाखो गेमर पाच वर्षं खेळतायत आणि एकालाही रिव्हर्स टाकून बघावंसं वाटलं नाही? खऱ्या गेमरांनी पहिल्या तासात टाकला असता. पण संवाद पाठ म्हणणारा मुलगा दोन-अडीच तास पडद्यावर कोण बघणार, हाही प्रश्न आहेच, आणि पुस्तकवाले तो टाळतात.

दुसऱ्या आव्हानाला मात्र पिक्चर पुस्तकाच्या पुढे गेलाय असं माझं मत. आधी तिथे ब्लेड रनर हा जुना पिक्चर घ्यायचा विचार होता, पुस्तकातही त्याचा संदर्भ आहे, पण तेव्हा त्याचाच सिक्वेल बनत असल्याने मिळाला नाही. मग घेतला द शायनिंग हा भयपट. क्लू असा की स्वतःचीच निर्मिती नावडणारा निर्माता, आणि द शायनिंगच्या मूळ कादंबरीच्या लेखकाला तो पिक्चर आवडला नव्हता हे जगजाहीर. म्हणजे पुस्तक बदललं म्हणून ज्याला शिव्या पडणार तो पिक्चर स्वतःच्या पोटात पुस्तक विरुद्ध पिक्चरचं सगळ्यात प्रसिद्ध भांडण घेऊन बसलाय. फरक एवढाच की इथे कादंबरीचा लेखक पटकथेत स्वतः सामील होता, त्यामुळे लेखकावर अन्याय झाला असं ओरडायची सोय नाही. शिवाय हे कोडं सुटतं ते हॅलिडेला कशाचा पश्चात्ताप होता हे कळल्यावर, त्याने काय काय बघितलं ते पाठ करून नाही. किंमत पाठांतराची का समजुतीची, दोन्ही गटांचं मूळ भांडण यावरच आहे असं मला वाटतं, बाकीचं सगळं तपशिलात.

तपशिलातला एक बदल मात्र खरंच खटकतो. शेवटच्या लढाईतला पुस्तकातला अल्ट्रामॅन हा जपानी सुपरहीरो गेला, त्याचे हक्क भांडणात अडकलेले, आणि आयर्न जायंटला मोठं काम मिळालं. तो १९९९ चा पिक्चर ज्यांनी बघितलाय त्यांना माहितीय की त्या रोबोची अख्खी गोष्ट हत्यार न होण्याची आहे. त्यालाच लढाईत उतरवला. नॉस्टॅल्जिया विकणाऱ्याला गोष्ट आठवत नसेल तर विकतोय काय?

पिक्चरचा शेवट दर मंगळवारी आणि गुरुवारी ओअॅसिस बंद ठेवण्याचा, ज्याच्यावर सगळेच हसले. तिथेच ज्यांची शाळा आहे, पोट आहे त्यांनी दोन दिवस काय करायचं?

पैशाचं बघायचं तर साधारण १७ कोटी डॉलर खर्चाचा पिक्चर, जगभरात ५८ कोटींच्या आसपास कमाई, आणि अमेरिकेपेक्षा जास्त चीनमधून. तिथल्या प्रेक्षकाने लहानपणी अटारी खेळला असेल असं नाही, म्हणजे तिकीट आठवणींवर खपलं नसणार. आपल्याकडेही ऐंशीच्या दशकात अटारी किती घरांत होता! कॅसेट घालायचे आठ-बिटवाले नकली गेम नव्वदीत आले, त्यामुळे आपला माणूस हे पुस्तक वाचतो तेव्हा दुसऱ्याच्या बालपणाची आठवण काढत असतो, आणि कदाचित म्हणूनच इथे पिक्चरवाले जास्त भेटतात.

नोव्हेंबर २०२० मध्ये कादंबरीचा दुसरा भाग आला आणि तो पिक्चरच्या नाही, पुस्तकाच्या शेवटापासून पुढे जातो. त्यात हेडसेट थेट मेंदूला जोडतात आणि हीरो मालक झाल्यावर फारसा चांगला वागत नाही, तरी टीकाकारांनी तो धुतलाच. वर्षभराने, ऑक्टोबर २०२१ मध्ये, फेसबुक कंपनीने स्वतःचं नावच मेटाव्हर्सवरून मेटा ठेवलं. तेव्हा पहिलं पुस्तक पुन्हा सगळीकडे दिसायला लागलं, यावेळी लोकांनी त्यातला खलनायक कोणासारखा दिसतो तेवढंच दाखवलं, पिक्चर का पुस्तक हे थोडे दिवस कोणी विचारलं नाही.