पार्श्वभूमी : 'हिस्पॅनिक', 'लॅटिनो' आणि जनगणनेचा फॉर्म

'हिस्पॅनिक' हा शब्द रोमन काळातल्या 'हिस्पानिया'पर्यंत मागे नेता येतो, पण मेक्सिको, क्यूबा अशा स्पॅनिशभाषक देशांशी नातं सांगणाऱ्या लोकांना काय म्हणायचं आणि कसं मोजायचं, हा अमेरिकेतला आजचा वाद तितका जुना नाही. तो जनगणनेच्या फॉर्मवर जन्मला.

युद्धानंतर झालेल्या १८४८ च्या तहाने मेक्सिकोचा मोठा मुलूख अमेरिकेकडे गेला आणि तिथले बहुतेक रहिवासी घर न सोडता अमेरिकी नागरिक झाले. त्यांना मोजायचं कसं, याचा घोळ पुढे शंभर वर्षं मिटला नाही. १९३० मध्ये 'मेक्सिकन' हा वेगळा वंश ठरवला गेला; विरोध झाल्यावर १९४० मध्ये तो काढला. १९५० आणि १९६० मध्ये नैऋत्येकडच्या पाच राज्यांत चक्क आडनावांवरून मोजणी झाली. १९७० मध्ये नमुन्यादाखल निवडलेल्या घरांना मूळ विचारलं, तर 'मध्य किंवा दक्षिण अमेरिकन' या पर्यायावर अमेरिकेच्याच मध्य आणि दक्षिण भागातल्या अनेकांनी खूण केली.

कळीचा निर्णय १९७७ चा. एका केंद्रीय आदेशाने 'हिस्पॅनिक'ची व्याख्या केली : मेक्सिकन, प्वेर्तो रिकन, क्यूबन, मध्य वा दक्षिण अमेरिकन किंवा इतर स्पॅनिश संस्कृतीची वा मूळाची व्यक्ती, वंश कोणताही असो. (याच आदेशाने भारतीयांना आशियाई गटात घातलं, १९७० मध्ये त्यांची गणना गोऱ्यांत झाली होती.) 'वंश कोणताही असो' या शब्दांनी मोठी गुंतागुंत केली. १९८० पासून सगळ्यांनाच दोन प्रश्न आले : तुम्ही हिस्पॅनिक आहात का, आणि तुमचा वंश कोणता. ज्यांच्या घराण्यात स्पॅनिश, मूलनिवासी आणि आफ्रिकी रक्त पिढ्यान्‌पिढ्या मिसळलं, त्यांनी दुसऱ्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं? असंख्य लोकांनी 'अन्य वंश' निवडला. २०२० मध्ये एकट्याने किंवा दुसऱ्या वंशासोबत 'अन्य' निवडणारे ४.९९ कोटी होते, कृष्णवर्णीयांहून अधिक, आणि त्यांतले बहुसंख्य हिस्पॅनिकच. एवढ्या लोकांना आपली जागा सापडत नसेल, तर दोष फॉर्मचाच मानायला हवा.

नावावरही आक्षेप होताच. 'हिस्पॅनिक' स्पेनकडे, म्हणजे जिंकणाऱ्याकडे बोट दाखवतो. ग्वाटेमालातून आलेल्या, घरी मूलनिवासींची माया भाषा बोलणाऱ्या मजुराला तो लावणं अन्यायाचंच आहे. साठच्या दशकात मेक्सिकन-अमेरिकन तरुणांनी हिणवण्यासाठी वापरला जाणारा 'चिकानो' हा शब्द अभिमानाने उचलला. १९९७ मध्ये सरकारने 'लॅटिनो' (लॅटिन अमेरिकेशी नातं सांगणारा) हा शब्द जोडला, पण व्याख्या स्पॅनिशच राहिली. त्यामुळे पोर्तुगीज बोलणारे ब्राझिलियन स्वतःला लॅटिनो म्हणवत असले तरी आकडेवारीतून वगळले जातात. २०२० च्या एका सर्वेक्षणात त्यांना वगळण्याची ही छाननी चुकून राहिली, तेव्हा किमान ४.१६ लाख ब्राझिलियन हिस्पॅनिक किंवा लॅटिनो म्हणून नोंदले गेले. आदल्या वर्षी ते सुमारे १४ हजार होते.

अलीकडचा 'लॅटिनेक्स' हा लिंगनिरपेक्ष शब्द मात्र समाजात फारसा रुजला नाही.

मार्च २०२४ मध्ये हिस्पॅनिक आणि वंश हे दोन्ही प्रश्न एकत्र करण्याचं ठरलं. एकाहून अधिक खुणा करता येतील, तरी आफ्रिकी वंशाच्या लॅटिनो कार्यकर्त्यांना भीती आहे, की लोक फक्त 'हिस्पॅनिक' निवडतील आणि त्यांचं कृष्णवर्णीय असणं मोजणीतून गळेल.