ख्रिस्ती कवितेत ओवी कोणती आणि अभंग कोणता?

बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतली एखादी ओळ घेऊन कुणी चार चरण बांधले की वर हमखास 'अभंग' असं लिहिलेलं असतं. बऱ्याचदा ती ओवी असते. ओवीत आणि मोठ्या अभंगात चार चरण, शेवटचा आखूड, लघु-गुरूची (ऱ्हस्व-दीर्घ अक्षरांची) कटकट नाही, गल्लत होणारच. यमक कुठे पडतं ते पाहिलं की उलगडा होतो.

ग्रंथातल्या ओवीत पहिले तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा मोकळा. अक्षरं किती असावीत याचं बंधन नाही. इंग्रज धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' 1616 साली गोव्यात रायतूरला छापलं गेलं. सुमारे 11 हजार ओव्या! त्यातली ही सर्वांच्या ओळखीची:

जैसी हरळांमाजी रत्नकिळा । की रत्नांमाजी हिरा निळा ।
तैसी भाषांमाजी चोखळा । भाषा मराठी ॥

किळा, निळा, चोखळा. आणि 'भाषा मराठी' यमकाबाहेर.

मोठ्या अभंगाचा हिशेब मात्र पक्का असतो: 6, 6, 6, 4 अक्षरं, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात. (लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण.) तेविसाव्या स्तोत्राची सुरुवात मी अशी बांधेन:

मेंढपाळ माझा । तूच एक देवा ।
काय उणे जीवा । तुझ्यापाशी ॥

त्याच स्तोत्राचा पुढचा भाग ओवीत घेतला तर:

हिरव्या कुरणी मज निजवी । संथ पाण्याकाठी चालवी ।
थकला जीव पुन्हा जागवी । मेंढपाळ माझा ॥

अभंगात मी देवाशी बोलतोय, ओवीत देवाविषयी सांगतोय. असा नियम कुठे नाही, पण छंदाचा ओढा तसा आहे. स्टीफन्सना उत्पत्तीपासून ख्रिस्तचरित्रापर्यंतची कथा सांगायची होती, तीही पुराणं ऐकत वाढलेल्या माणसांना. ऐसपैस ओवीच हवी. कवी नारायण वामन टिळकांचा 1895 साली बाप्तिस्मा झाला, पण तुकोबा काही सुटले नाहीत. त्यांची आळवणी अभंगात आली, त्यांच्या संग्रहाचं नावच 'अभंगांजली'. म्हणून येशूने सांगितलेला उधळ्या पुत्राचा दाखला अभंगात कोंबू नये असं माझं मत. बाप, दोघे भाऊ, डुकरांच्या शेंगा, मेजवानी हे सगळं सहा अक्षरांत घुसमटतं. एक्कावन्नावं स्तोत्र घ्या, पश्चात्तापाचं. ते अभंगात आपोआप बसतं.

अडचण येते ती नावांची. जोडाक्षर एकच धरायचं, म्हणून 'येशू ख्रिस्त' बरोब्बर चार: अभंगाच्या शेवटच्या चरणासाठीच घडवल्यासारखं. 'बेथलेहेम' आणि 'यरुशलेम' पाच-पाच, म्हणजे कुठल्याच चरणात नेमके बसत नाहीत. तिथे सप्तमी लावायची. 'बेथलेहेमात' सहा, 'यरुशलेमात'ही सहा.