अवकाशसंकट भयपट

अवकाशसंकट भयपट : अंतराळातून पृथ्वीवर आलेल्या जीवामुळे वा पदार्थामुळे ओढवणाऱ्या संकटाचे, अल्प खर्चात व मोजक्या दिवसांत चित्रित केलेले विज्ञान-भयपट. मुख्यतः अमेरिकेत, साधारणपणे १९५१ ते १९६० या काळात ते बहरले. जून १९४७ मध्ये केनेथ अर्नल्ड या वैमानिकाने रेनियर पर्वताजवळ काही वस्तू उडताना पाहिल्या. वृत्तपत्रांनी त्यांना ‘उडत्या तबकड्या’ म्हटले आणि या चित्रपटांना विषय मिळाला.

यांतील पहिला चित्रपट कोणता, याबद्दल मतभेद आहेत. ‘द थिंग फ्रॉम अनदर वर्ल्ड’ आणि ‘द मॅन फ्रॉम प्लॅनेट एक्स’ हे दोन्ही १९५१ चे. पहिला आरकेओ या मोठ्या चित्रपटसंस्थेचा असल्याने त्याला अल्पखर्ची म्हणणे कठीण. म्हणून पहिलेपणाचा मान एडगर उल्मर यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘द मॅन फ्रॉम प्लॅनेट एक्स’कडे जाणे अधिक सयुक्तिक वाटते. तो सुमारे सहा दिवसांत पुरा झाला. जोन ऑफ आर्कवरील आधीच्या चित्रपटाचे उरलेले नेपथ्य त्यात वापरले असून त्याची ओळख बुजावी इतके दाट धुके सोडले आहे. या धुक्यातच चित्रपटाची भीती आहे.

‘द थिंग’चे कर्तृत्वही वादग्रस्त आहे. श्रेयनामावलीत दिग्दर्शक ख्रिश्चन नायबी, तर निर्माते हॉवर्ड हॉक्स. कलाकारांच्या आठवणी परस्परविरोधी आहेत. एकमेकांचे वाक्य तोडत बोलणारी पात्रे ही हॉक्स यांची खूण. त्यामुळे त्यांचा वाटा मोठा असावा. मात्र नायबी हे त्यांचेच संकलक असल्याने केवळ शैलीचे साम्य निर्णायक पुरावा ठरत नाही.

१९४८ च्या अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने मोठ्या चित्रपटसंस्थांना आपली चित्रपटगृहे सोडावी लागली. स्वतंत्र चित्रपटगृहांना व मोटारीत बसून पाहण्याच्या ड्राइव्ह-इन थिएटरांना एका तिकिटात दोन चित्रपट दाखवण्यासाठी स्वस्त माल हवा होता. खर्चाची मर्यादा राक्षसाच्या रूपातही उतरली. ‘रोबॉट मॉन्स्टर’ (१९५३) मधील आक्रमक म्हणजे गोरिलाच्या पोशाखावर पाणबुड्याचे शिरस्त्राण. ‘द ब्लॉब’ (१९५८) मधील गोळा लाल रंग दिलेल्या सिलिकोनचा होता. काही दृश्यांत लहान प्रतिकृती व कॅमेरा एकाच फळीवर घट्ट बसवून फळी कलती करीत. पडद्यावर खोली सरळ उभी दिसते आणि गोळा आपल्या इच्छेने पुढे सरकतो. इतक्या थोड्या साधनांत साधलेला हा परिणाम आजही अंगावर काटा आणतो.

एड वुड यांच्या ‘प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस’चे वर्ष कोठे १९५७, कोठे १९५९ असे आढळते. १९५७ मध्ये तो वेगळ्या नावाने दाखवला गेला. सार्वत्रिक प्रदर्शन नंतरचे. त्यातील अभिनेते बेला लुगोसी १९५६ मध्येच वारल्याने त्यांची थोडीच दृश्ये त्यात आहेत; उरलेल्यांत दुसराच माणूस झग्याने तोंड झाकून वावरतो.

डॉन सीगल यांच्या ‘इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स’मध्ये (१९५६) अवकाशातून आलेले जीव माणसांच्या भावनाशून्य प्रतिकृती बनून त्यांची जागा घेतात. याचा अर्थ काही समीक्षक साम्यवादाची भीती असा लावतात, तर काही मॅकार्थीकालीन (सेनेटर मॅकार्थी यांच्या साम्यवादविरोधी मोहिमेच्या काळातील) सक्तीची एकरूपता असा. चित्रपटाला दोन्ही अर्थ पेलतात.

ब्रिटनमध्ये हॅमर संस्थेचा ‘द क्वाटरमास एक्सपेरिमेंट’ (१९५५) महत्त्वाचा. तो बीबीसीच्या १९५३ मधील दूरचित्रवाणी मालिकेवर आधारित होता. हिंदीत १९६७ मध्ये दारासिंग यांचा ‘चाँद पर चढ़ाई’ आला. त्याचा कल भयापेक्षा साहसाकडे आहे.