हाडाचं कॅलेंडर वेगळं, नसेचं वेगळं

दादाच्या उजव्या पायावर पेनाच्या रेघा आहेत. पहिली गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, जिथे पोटरीचं बारकं हाड बोटाला लागतं त्याच्या जरा खाली. दुसरी तिथून इंचभर खाली, तिसरी आणखी इंचभर. आंघोळीने पुसट झाल्या की मी त्या परत गिरवते. वहिनी म्हणते, कंदुरीचा बोकड तरी बरा, त्याच्यावर एकच खूण असते. पण गेले काही महिने आमच्या घरात सगळ्यात विश्वासाचं कॅलेंडर हेच आहे. त्याचा अर्थ पुढे येईलच.

दादाचा द्राक्षबाग नाशिकजवळ दिंडोरीकडे. जानेवारीतल्या एका पहाटे धुक्यात, म्हसरूळ सोडून पुढे गेल्यावर, त्याची गाडी रस्त्यात उभ्या असलेल्या ट्रॉलीवर गेली. ट्रॉलीला मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. वेग फार नव्हता, साठच्या आसपास. हा 'फार नव्हता' शब्द मी त्या आठवड्यात वीस वेळा ऐकला आणि शेवटी कागद घेऊन गणित मांडलं. ताशी 60 किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे 17 मीटर. एवढा वेग अंगात यायला माणसाला साधारण 14 मीटर उंचीवरून पडावं लागेल, म्हणजे चौथ्या-पाचव्या मजल्यावरून. शिवाय ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. वेग दुप्पट केला की धक्का चौपट. पट्टा लावलेला होता म्हणून छातीवर खांद्यापासून कमरेपर्यंत जांभळा पट्टा उमटला आणि माणूस वाचला. पाय मात्र ब्रेकवर ताठ रोवलेला होता. मांडीचं हाड मधोमध तुटलं, गुडघ्याखालचं बारकं हाड मानेशी पिचलं.

मांडीचं हाड तुटणं वरून दिसतं त्यापेक्षा गंभीर असतं. कातडी फाटलेली नसली तरी मांडीच्या आत लिटर-दीड लिटर रक्त साठू शकतं, आणि अंगात रक्त असतं सगळं मिळून पाचेक लिटर. एका पिकअपमधल्या दोन पोरांनी थांबून 108 ला फोन लावला, त्याला ओढून बाहेर काढलं नाही, नुसतं बोलतं ठेवलं. अशी मदत करणाऱ्याला नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही, हे 2019 च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीत स्पष्ट लिहिलंय. त्या पोरांना ते ठाऊक नसावं. नाव न सांगताच निघून गेली.

ऑपरेशन झालं, मांडीत रॉड गेला, आणि दादा माझ्या नाशिकमधल्या इंदिरानगरच्या घरी आला, कारण इथे लिफ्ट आहे आणि दवाखाना जवळ. मग माणसं भेटायला येऊ लागली. प्रश्न सगळ्यांचा एकच. "कधी चालणार?" मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते, तेव्हा उत्तराची जबाबदारी माझ्यावर. उत्तर असं एक नव्हतंच. त्या एका पायात हाड, स्नायू आणि नस यांची कॅलेंडरं वेगवेगळी होती, आणि डोक्यातलं चौथं.

रॉडबद्दल आधी. "आता रॉड टाकलाय, काळजी नाही," असं जो तो म्हणे. पण रॉड हाड जोडत नाही. तो नुसता धरून ठेवतो. मांडीचं हाड पोकळ असतं. त्या पोकळीतून सळई सरकवायची आणि वर-खाली आडवे स्क्रू मारायचे. यातली सळई सरकवायची, आज जगभर वापरली जाणारी पद्धत जर्मनीतल्या कील शहरात गेऱ्हार्ड क्युंट्शर या शल्यविशारदाने 1939 मध्ये सुरू केली. युद्धकैदेतून सुटून आलेल्या सैनिकांचे एक्स-रे काढल्यावर मांडीत सळई बघून दोस्त राष्ट्रांचे डॉक्टर चक्रावले होते. तोवर मांडी तुटली की आठवडेच्या आठवडे वजन टांगून पाठीवर पडून राहायचं, एवढाच उपाय बहुतेकांना ठाऊक होता.

धातू कितीही चांगला असला तरी तो थकतो. बागेत बाइंडिंग तार तोडायची तर पक्कड लागत नाही, एकाच जागी दहा वेळा वाकवली की तुटते. रॉडवरही प्रत्येक पावलाला थोडा वाक पडतो. म्हणजे आत शर्यत लागलेली असते: हाड आधी जुळतं की धातू आधी थकतो. हाड वेळेत जुळलं तर रॉडवरचा भार उतरतो. नाही जुळलं तर मांडीतला रॉड तुटल्याचे एक्स-रे अस्थिरोगतज्ज्ञांना चांगले परिचयाचे असतात.

जुळतं कसं? तुटलेल्या जागी आधी रक्ताची गाठ होते. ती अडगळ वाटते, पण तीच वाफा आहे. तिथे सूज येते, संरक्षक पेशी जमतात, त्यांच्या हाकेने नवं हाड घडवणाऱ्या पेशी येतात. दोन-तीन आठवड्यांत दोन्ही टोकांभोवती कुर्चेचा, म्हणजे कानाच्या वरच्या भागात बोटाला लागतं तशा लवचिक पदार्थाचा, गोळा तयार होतो. त्याला कॅलस म्हणतात. मग त्यात कॅल्शियमचे क्षार बसत जातात आणि तो कडक होतो. सहाव्या आठवड्याच्या एक्स-रेमध्ये दादाच्या हाडाभोवती ढगासारखी पांढुरकी सावली दिसली. डॉक्टर त्यावर बोट ठेवून म्हणाले, "हे बघा, कॅलस धरतोय."

दादा लगेच, "म्हणजे कलम बांधल्यासारखंच की!"

चुकीचं नव्हतं त्याचं. आपल्याकडे डॉगरिजचा जंगली खुंट आधी लावतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरात त्यावर हव्या त्या जातीची काडी बांधतात. पट्टी घट्ट गुंडाळलेली असते, आत दोन्ही लाकडांच्या पेशी वाढून एकमेकींना धरतात, आणि त्या वाढीलाही कॅलसच म्हणतात. पट्टी कलम जोडत नाही, रॉड हाड जोडत नाही, इथवर दोन्ही सारखं. फरक पुढे आहे. द्राक्षाच्या खोडावर कलमाची गाठ जन्मभर दिसते. हाडावरची गाठ मात्र वर्ष-दोन वर्षांत, कधी त्याहून जास्त काळात, घासून-पुसून जाते. हाड खाणाऱ्या पेशी नको तिथलं हाड खातात, घडवणाऱ्या हवं तिथे घडवतात. कातडीची जखम व्रण ठेवून भरते. हाड मात्र पुन्हा हाडानेच भरतं. शरीरात हे फार थोड्या ठिकाणी घडतं.

आणि 'हवं तिथे' म्हणजे कुठे, हे ठरतं भारावरून. जर्मन शल्यविशारद युलिउस वोल्फ यांनी 1892 मध्ये हे मांडलं: ज्या दिशेने भार पडतो, त्या दिशेने हाड मजबूत होतं, आणि भार गेला की झिजतं. अंतराळवीरांच्या खुब्याचं हाड महिन्याला एक टक्क्याहून जास्त दराने विरळ होतं, ते याचमुळे. तुटलेल्या जागीसुद्धा अगदी बारीक हालचाल कॅलसला फायद्याची ठरते. फार हालचाल झाली तर मात्र जोड धरतच नाही. या दोन्हींच्या मधली वाट किती अरुंद, ते तुटण्याच्या प्रकारावर ठरतं. काहींना दुसऱ्या दिवशी पूर्ण भार देऊन उभं करतात. दादाच्या हाडाचे तुकडे झाले होते, म्हणून थोडा-थोडा भार. घरचा वजनकाटा जमिनीवर, वॉकर धरून उभा दादा, उजवा पाय काट्यावर, आणि मी खाली बसून ओरडतेय, "पंधरा... सोळा... बास!" पायाला 'पंधरा किलो म्हणजे किती' हे शिकवायचा याहून सोपा मार्ग मला माहीत नाही. आईला तो छळ वाटायचा. "त्याला जरा आराम करू दे गं." आईशी या विषयावर वाद घालून मी हरले, असं इथेच कबूल करते. व्यायामाची वेळ आम्ही तिच्या दुपारच्या झोपेत घ्यायला लागलो.

स्नायूचं कॅलेंडर त्याहून उलटं चालतं. हाड भरून येत असतं तेव्हा स्नायू ओसरत असतो. बिनकामाचा स्नायू शरीर पोसत नाही; पाय निजवून ठेवला की मांडीचा घेर काही दिवसांतच उतरायला लागतो. पण मला चकित केलं ते दुसऱ्याच गोष्टीने. फिजिओथेरपिस्टने गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून सांगितलं, "ही दाबा." दादाने दात-ओठ खाल्ले, कपाळावर घाम आला, आणि गुडघ्याची वाटी जागची हलली नाही. स्नायू होता, मांडीतली त्याची नसही शाबूत होती. सुजलेल्या, दुखऱ्या गुडघ्याकडून येणाऱ्या संदेशांमुळे पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू आणि मेंदूच त्या स्नायूचा पुरवठा तोडतात; एका अर्थी संरक्षणासाठी. तो परत जोडायला ताकद नाही, सराव लागतो. पाचव्या दिवशी वाटी तांदळाच्या दाण्याएवढी वर सरकली. वहिनीने देवाला साखर ठेवली.

आता त्या रेघा. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला बारक्या हाडाच्या मानेला वळसा घालून एक नस जाते. नस म्हणजे इथे रक्तवाहिनी नव्हे, मज्जातंतू. पाऊल वर उचलण्याचा हुकूम तिच्यातून जातो. हाड पिचलं तेव्हा ती चेचली गेली आणि दादाचं पाऊल लोंबू लागलं. तो वॉकरवर चालायला लागला तरी उजवी चप्पल चौथ्या पावलाला सुटून मागे राहायची.

चेचलेल्या तंतूचा पुढचा भाग मरतो, हे इंग्रज शरीरशास्त्रज्ञ ऑगस्टस वॉलर यांनी 1850 मध्ये बेडकाच्या जिभेतल्या नसा कापून दाखवलं. पण तंतू गेला तरी त्याचं आवरण, नळीसारखं, बऱ्याचदा टिकून राहतं आणि वरून नवा कोंब त्या नळीतून खाली वाढत येतो. वेग दिवसाला साधारण एक मिलिमीटर, म्हणजे महिन्याला इंचभर. वाढत्या कोंबाच्या टोकावर कातडीवरून टिचकी मारली की पावलावर मुंग्या येतात. फ्रेंच डॉक्टर जूल तिनेल यांनी 1915 मध्ये, महायुद्धातल्या जखमी सैनिकांच्या नसा तपासताना, ही खूण नोंदवली. दर महिन्याला मुंग्या जिथे लागतील ती जागा खाली सरकली, तर कोंब वाढतोय. फेब्रुवारीत एक रेघ, मार्चमध्ये तिच्याखाली दुसरी. पाऊल अजून लोळागोळाच होतं, पण रेघ सरकत होती, आणि दादा ती दाखवायला येणाऱ्या-जाणाऱ्यापुढे पायजमा वर करायचा.

खाण्याबद्दल आमच्याकडे जे झालं ते सांगायला हवंच. बोकडाच्या पायाचं सूप, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, कुणीतरी आणलेली कांडवेल. यातलं लाडू-खीर मला मान्य, कारण भरून यायला उष्मांक आणि प्रथिनं लागतात. सुपातलं कोलॅजेन थेट मांडीत जाऊन बसत नाही, पोटात त्याचे तुकडे होतात. चव म्हणून प्यावं. लिंबू-आवळ्याची मात्र मी सक्ती केली. 1740 च्या दशकात इंग्रज नौसेनापती अँसन यांच्या जगप्रवासात खलाशांना स्कर्व्ही झाली, तेव्हा पन्नास वर्षांपूर्वी लढाईत मोडलेलं आणि जुळलेलं एका खलाशाचं हाड पुन्हा सुटलं, अशी नोंद आहे. क जीवनसत्त्वाशिवाय कोलॅजेन नीट बनत नाही, आणि हाडाचा जुना जोडही रोजच्या डागडुजीवरच उभा असतो. तंबाखूवरून मात्र भांडण झालं. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि जोड लांबतो, हे मी सांगितलं. दादा हातावर मळत म्हणाला, "अगं, चुना पण आहे ना त्यात. कॅल्शियमच ते." डॉक्टरांनी हे ऐकलं आणि पुडी कचऱ्यात टाकली.

डोक्यातल्या कॅलेंडरला एक्स-रे नाही. एप्रिलमध्ये हाड धरलं होतं, दादा काठीवर आला होता, आणि मुंबई नाक्यावर माझ्या शेजारी बसून जाताना पुढच्या ट्रकचे ब्रेक दिवे लागले तसा त्याने दोन्ही पाय फरशीत रोवले. ओठ पांढरे. मेंदूचा बदामाएवढा एक भाग, अमिग्डला, धोक्याची खूण विचार करण्याआधी ओळखतो, आणि एकदा ओळखलेली सहज सोडत नाही. पहिले काही आठवडे दचकणं, झोप उडणं हे जवळजवळ सगळ्यांना होतं. महिन्यापुढे टिकलं, वाढलं, माणूस रस्ताच टाळायला लागला, तर त्यालाही उपचार आहेत, आणि ते हाडाच्या उपचारासारखेच आहेत: झेपेल तेवढा भार, थोडा-थोडा. समुपदेशकाने त्याला आधी उभ्या गाडीत बसवलं. मग सोसायटीच्या आवारात एक फेरी. मग रविवारी सकाळी रिकाम्या गंगापूर रोडने सोमेश्वरपर्यंत, चालवणारी मी. म्हसरूळचा रस्ता सगळ्यात शेवटी.

एप्रिलची खरड छाटणी त्याने फोनवरून करून घेतली आणि मजुरांना फार शिव्या दिल्या. ऑगस्टमध्ये एका सकाळी चहा पिताना त्याचा उजवा अंगठा वर उचलला गेला, केसभर. त्याने बशी ठेवली, मला हाक मारली, पुन्हा करून दाखवायला गेला तर होईना. अर्ध्या तासाने झालं.

परवा ऑक्टोबर छाटणीला आम्ही बागेत गेलो. गाडी दादाने नाही, मीच चालवली. मांडवाखाली जमीन ओली, चिखलाची. तो काठी टेकत पुढे, मी मागून त्याच्या चपलेकडे बघत. बांधापर्यंत एकदाच सुटली.