डिस्कचा झोन, फेजचा प्लाक आणि मधला फसवा स्पॉट

कोल्हापुरातले मायक्रोबायोलॉजीचे प्रोजेक्ट चाळताना एक वाक्य वारंवार भेटतं: ‘जयंती नाल्याच्या पाण्यातून फेज मिळाला, स्पॉट क्लिअर आला.’ फेज म्हणजे जिवाणूंना मारणारा विषाणू, आणि स्पॉट म्हणजे जिवाणूंच्या थरावर नमुन्याचा थेंब टाकलेली जागा. डायल्यूशनचा, म्हणजे नमुना पातळ करत तपासल्याचा, तक्ता मात्र कुठेच नसतो. मग फेज मिळाला हे ठरवलं कशावरून?

डिस्कचा झोन, म्हणजे औषधाच्या चकतीभोवती जिवाणू न वाढलेलं वर्तुळ, सगळ्यांना पाठ आहे. औषध आगारात (जिवाणू वाढवायच्या जेलीत) पसरतं, लांब जाईल तसं विरळ होतं. व्यास मोजायचा, तक्त्याशी ताडायचा, एस (औषध लागू) किंवा आर (औषध लागू नाही) लिहायचा. प्लाकचं, म्हणजे फेजने जिवाणूंच्या थरात पाडलेल्या मोकळ्या ठिपक्याचं, तसं नाही. एका फेजकणाने एक जिवाणू फोडला, बाहेर पडलेल्यांनी शेजारचे फोडले, असं करत तो ठिपका वाढतो. म्हणून प्लाक मोजायचे असतात. ‘मोठा प्लाक म्हणजे जोरदार फेज’ हे तर लिहूच नये. वरचं आगार घट्ट असेल तर त्याच फेजचे प्लाक बारीक येतात.

खरी गफलत स्पॉटमध्ये होते. लॉनवर (आगारावरच्या जिवाणूंच्या थरावर) कच्च्या लायसेटचे, म्हणजे फुटलेल्या जिवाणूंच्या द्रावाचे, १० मायक्रोलिटर टाकले आणि जागा मोकळी झाली, तर कारणं अनेक असू शकतात. फेज खरंच वाढला असेल. किंवा एकेका जिवाणूला इतके फेज एकदम चिकटले, की तो बाहेरूनच फुटला आणि आत एकही नवा फेज तयार झाला नाही. किंवा जिवाणू मारायला घातलेला क्लोरोफॉर्म लायसेटमध्ये उरला होता. होस्ट, म्हणजे ज्यावर फेज वाढवतो तो जिवाणू, स्युडोमोनास असेल तर पायोसिननेही (स्युडोमोनासच सोडतो त्या जिवाणू मारणाऱ्या प्रथिनाने) तसंच दिसतं.

निवाडा करायचा तर लायसेट दहापटीने, आठ पायऱ्यांपर्यंत पातळ करा आणि प्रत्येक पायरीचा थेंब टाका. फेज असेल तर कुठल्यातरी पायरीला सुटे, मोजता येणारे प्लाक दिसतात. बाकी प्रकारांत डाग नुसता फिका होत नाहीसा होतो. सुटा प्लाक उचलून किमान तीनदा शुद्ध करा. डबल लेयरसाठी (आगाराच्या दोन थरांसाठी) खाली १.५ टक्के, वर ०.७ टक्के आगार. वरचं ४५ ते ४८ अंशांवर असताना होस्ट मिसळा. जास्त गरम असेल तर जिवाणू मरून लॉन विरळ येतो, थंड झालं तर गुठळ्या होतात.

मोकळी जागा वाढणाऱ्या फेजची की नुसत्या पदार्थाची, हा वाद जुनाच आहे. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या फेलिक्स देरेलने १९१७ साली, फेज हा स्वतः वाढणारा जीव आहे, असं मांडलं; सुटे ठिपके हा त्याचा मोठा पुरावा होता. अमेरिकेत १९३४ च्या ईटन आणि बेन-जोन्स अहवालाने मात्र तो निर्जीव पदार्थ, बहुधा एन्झाइम, ठरवला आणि तिथला फेज उपचारांवरचा विश्वास ढळला. जॉर्जियातल्या तिबिलिसीत ते उपचार चालूच राहिले.

आताच्या पुनरुज्जीवनातही हिशेब प्लाकचाच आहे. २०१९ मध्ये छापून आलेल्या फेजोबर्न चाचणीत भाजलेल्या जखमांतल्या स्युडोमोनासवर १२ फेजांचं मिश्रण वापरलं. मिलिलिटरला दहा लाख पीएफयू (प्लाक पाडू शकणारे फेजकण) द्यायचे ठरले होते. तयार मिश्रणाचा टायटर, म्हणजे मिलिलिटरमागचे पीएफयू, घसरत गेला आणि रुग्णांना शंभरच्या आसपासच मिळाले. त्यामुळे लायसेट ४ अंशांवर ठेवला असला तरी वापरण्याआधी टायटर पुन्हा काढाच. बाटलीवरचा जुना आकडा धरू नका.

आणि प्लाक धूसर दिसला, तर फेज जिवाणूच्या जनुकांत दडून बसणारा असण्याचा दाट संशय धरा. असा फेज उपचाराला घेऊ नये. स्वच्छ प्लाकवरही भागत नाही, जीनोम वाचून इंटिग्रेजचं, म्हणजे असं दडून बसायला लागणाऱ्या एन्झाइमचं, जनुक नाही ना, हे पाहावंच लागतं.