थेट मुलाखत आणि रेकॉर्ड केलेली मुलाखत: ऐकायला सारखी, द्यायला वेगळी

आपल्या पुस्तकाबद्दल रेडिओवरून मुलाखतीचं बोलावणं आलं की आपण आधी विचारतो, "किती वाजता येऊ?" मीही तेच विचारलं होतं. खरं तर पहिला प्रश्न हा हवा: मुलाखत थेट जाणार, की रेकॉर्ड होणार? श्रोत्याला दोन्ही सारख्याच वाटतात, म्हणून आपणही दोन्हींना एकाच तयारीने जातो आणि तिथेच गडबड होते.

पूर्वी हा प्रश्न फारसा उद्भवत नसे. अमेरिकेतली मोठी रेडिओ नेटवर्क बराच काळ थेट कार्यक्रमांचाच आग्रह धरायची. १९४७ साली गायक बिंग क्रॉस्बी याचा कार्यक्रम चुंबकीय टेपवर घेऊन, कापून-जोडून प्रसारित होऊ लागला, आणि घरी बसून ऐकणाऱ्याला जोड कुठे आहे ते ओळखता येईना.

थेट मुलाखतीत राज्य घड्याळाचं. लाल दिवा लागतो, काचेपलीकडून बोट वर होतं आणि बोललेला शब्द परत घेता येत नाही. काही केंद्रं प्रसारण काही सेकंद मागे ठेवतात, पण ती सोय आक्षेपार्ह काही गेलं तर थांबवण्यासाठी असते, आपलं वाक्य सुधारण्यासाठी नाही. म्हणून उत्तर पाऊण मिनिटात पुरं होईल असं बेताचं ठेवावं. लोक मध्येच रेडिओ लावतात. त्यांच्यासाठी 'माझं पुस्तक' न म्हणता दर वेळी पुस्तकाचं नाव घ्यावं. जीभ अडखळली तर तेवढा शब्द नीट उच्चारून पुढे जावं, माफी मागत बसू नये. निवेदकाने पुस्तक वाचलेलं नसेल आणि तो मलपृष्ठावरून प्रश्न काढत असेल, तरी मनाला लावून घेऊ नये. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांनीही ते वाचलेलं नसतं, त्यामुळे त्यांना पडणारा प्रश्नच तो विचारत असतो.

रेकॉर्डिंगला मी निवांत मनाने गेलो. चुकलं तर पुन्हा बोलता येईल, एवढंच डोक्यात होतं. आम्ही चाळीस मिनिटं बोललो, प्रसारित झाली बारा. कादंबरीतल्या आईबद्दल मी जे सांगितलं होतं, ज्यासाठी खरं तर मी गेलो होतो, तेच त्यात नव्हतं. नंतर संकलन करणाऱ्या मुलीने मला तो तुकडा ऐकवला. सुरुवातच अशी होती: "मघाशी म्हटलं तसं, तिचंही तेच झालं." मघाशी म्हटलेलं कापलं गेलं होतं, मग 'तसं' म्हणजे कसं, 'ती' कोण आणि 'तेच' म्हणजे काय, याचा पत्ताच लागेना. तो तुकडा एकटा उभाच राहू शकत नव्हता. मला वाईट वाटलं, पण तिचा निर्णय बरोबर होता.

तेव्हापासून रेकॉर्डिंगला प्रत्येक उत्तर स्वतःच्या पायावर उभं करतो. "हो, म्हणूनच" अशी सुरुवात टाळतो आणि प्रश्नातला विषय उत्तरात पुन्हा घेतो: "या कादंबरीतली आई गप्प राहते, कारण..." थेट मुलाखतीत हेच जड वाटेल, कारण श्रोत्याने प्रश्न नुकताच ऐकलेला असतो. रेकॉर्डिंगमध्ये मात्र प्रश्न राहीलच याची खात्री नसते. 'आज', 'काल', 'परवाच्या पावसात' हेही नको; प्रसारण कधी होईल ते आपल्या हातात नाही. आणि चूक झाली तर अर्ध्यातून दुरुस्त करायची नाही. थांबायचं, दोन सेकंद शांत राहायचं आणि वाक्य पहिल्या शब्दापासून म्हणायचं. वाक्याच्या मधोमध आवाजाची पट्टी जुळत नाही, म्हणून जोड कानाला खटकतो.

माईकपुढे दोन्हीकडे नियम एकच: साधारण वीतभर अंतर, तोंड किंचित बाजूला, म्हणजे 'प' आणि 'फ'चा फटका माईकवर बसत नाही. उतारा वाचायचा असेल तर सुटे कागद न्यावेत आणि ते उलटायचे नाहीत, अलगद बाजूला सरकवायचे.

एक तिसरा प्रकारही असतो: रेकॉर्ड आज करायचं, पण न कापता जसंच्या तसं लावायचं. त्याला नियम थेटचे, फक्त 'आज-काल' वर्ज्य. फोनवर 'रेकॉर्डिंग आहे' एवढं ऐकून समाधान मानू नका, "कापणार आहात का?" हेही विचारा.

आणि कापणार असतील, तर शेवटचा 'धन्यवाद' झाल्यावर लगेच उठू नका. बरेच तंत्रज्ञ त्यानंतर अर्धा मिनिट खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करतात. वाक्यं जोडताना मधल्या फटीत ती शांतता भरायची असते. त्या अर्ध्या मिनिटात मी खुर्ची मागे सरकवली होती आणि ते सगळं पुन्हा घ्यावं लागलं होतं.